घरी बोलावण्याची शिट्टी

उन्हाळ्यात इथं आयर्लंडच्या डोंगरात, आमच्या घरी आयरिश भाषा शिकायला माणसं येऊन राहतात. डब्लिनची पोरं येतात, शिक्षिका होऊ घातलेल्या मुली येतात, एकदा एक जपानी गृहस्थ आले होते. त्यांचं आयरिश माझ्यापेक्षा स्वच्छ होतं आणि जेवण झालं की ते न सांगता भांडी घासायचे. ही सगळी मंडळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मला विचारतात, "डिलिया, हे असंच का म्हणायचं?" का म्हणजे काय? आई म्हणायची म्हणून म्हणायचं. पण हे उत्तर त्यांना पुरत नाही, आणि मला उत्तर न येणं आवडत नाही. त्यामुळे म्हातारपणी मी माझ्याच भाषेचं व्याकरण शिकायला लागले.

शिट्टीचं व्याकरण मात्र माझ्या भावानं शिकवलं. मार्कस माझ्या पाठचा. त्यानं लग्न केलं नाही आणि डोंगर सोडला नाही. माझा नवरा गेल्यावर मी इंग्लंडातून परत आले तेव्हा तो दारात उभा होता. म्हणाला, "आलीस? चहा टाक." त्यानंतर आम्ही दोघं त्याच घरात राहतोय आणि रोज भांडतोय.

शिकणारे टेबलाशी बसले की मार्कस चुलीजवळच्या खुर्चीवरून मध्येच तोंड घालायचा. एडीन नावाची एक मुलगी दर वर्षी यायची. जुने शब्द जुन्या माणसांच्या तोंडून ऐकून ते साठवून ठेवायचे, हे तिचं काम. तिनं एकदा त्याला शिट्टीबद्दल विचारलं आणि गडी खुलला.

"शिट्टीला फ्याद म्हणतात एवढं तर तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "आता ती आपण मारत नाही आणि वाजवतही नाही. सोडतो. उसासा सोडतो तशी. मेंढरं वर सोडतो तशी. ती आत असतेच, तिला फक्त वाट द्यायची."

"आणि फ्यादोग?"

"फ्यादोग म्हणजे शाळेत पोरं फुंकतात ती पत्र्याची बासरी. आणि फ्यादोग म्हणजे वर दलदलीत राहतं ते पाखरू, पाठीवर सोनेरी ठिपके असलेलं. दिसायचं नाही सहसा. नुसतं ऐकू येतं, आणि ऐकलं की वाटतं, कुणीतरी आपल्याला घरी बोलावतंय."

"शब्द स्त्रीलिंगी आहे ना?" एडीन म्हणाली.

"बाईमाणूसच आहे ती. तीच तर गंमत आहे." त्यानं खुर्ची पुढे ओढली. "आता बघ. 'त्याची' म्हणायला आपला शब्द 'अ'. 'तिची' म्हणायलाही 'अ'च. मग शिट्टी कुणाची हे कळायचं कसं? तिची असली की शब्द अख्खा राहतो, अ फ्याद. त्याची असली की पहिला फ गळून पडतो, उरतं अ आद. लिहिताना फ असतो, बोलताना नसतो. म्हणजे बाईची शिट्टी पुरी, आणि गड्याची बिनफुंकरीची. आणि सोडायची मुभा कुणाला? तर गड्याला. काय म्हणायचं ह्याला? डिलियाला विचार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सूप निवतंय. खा आधी."

मला विचारायला सांगण्याचं कारण असं, की लहानपणी शिट्टी मला आधी आली होती. आम्ही दोघं वर मेंढरांमागे असायचो. मीच त्याची दोन बोटं धरून जिभेवर कशी टेकवायची ते दाखवलं होतं. कितीतरी दिवस त्याची नुसती लाळ गळायची आणि मी हसून लोळायची. डावीकडे, उजवीकडे, थांब, या शिट्ट्या सगळ्यांच्याच असतात. घरी बोलावण्याची शिट्टी मात्र माझी होती, त्या पाखराची नक्कल करून केलेली: एक लांब सूर, शेवटी जरासा खाली उतरणारा. आमच्या तेव्हाच्या कुत्रीला मी तीच लावली. मग एके दिवशी आईनं अंगणात ती ऐकली. हातातली बादली खाली ठेवून तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि हळूच म्हणाली, "बाईच्या जातीनं शिट्टी सोडली की देवमातेचं काळीज थरथरतं. तुला चालेल का ते?"

ती ओरडली असती तर मी ऐकलं नसतं. तिनं विचारलं, म्हणून मी फसले. त्या दिवसापासून माझी शिट्टी बंद झाली. मार्कसनं ती उचलली आणि पुढे जेवढे कुत्रे त्यानं तयार केले, त्या प्रत्येकाला तीच लावली. तुम्ही म्हणाल, जुन्या काळच्या समजुती. जुन्या कसल्या? आमचा शेजारी फेस्टी सकाळी मोबाइलवर हवामान बघून मासेमारीला निघतो, आणि वाटेत शिट्टी घालणारी बाई भेटली तर आजही घरी परत येऊन झोपतो.

यंदा मार्चमध्ये, मेंढ्या विण्याच्या तोंडावर, मार्कसला अर्धांगाचा झटका आला. गॉलवेच्या दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि बोलणं गेलं होतं. कळायचं सगळं. नर्स म्हणाली, त्याच्याशी नेहमीसारखं बोला. मी नेहमीसारखी भांडायला लागले, पण एकटीनं भांडायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा. तो डाव्या हातानं चहा प्यायचा आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून तो गळायचा. मॉस, त्याचा कुत्रा, दिवसभर त्याच्या पायांवर हनुवटी टेकून पडायचा.

मॉसला शिट्टीशिवाय काही कळत नाही. तोंडी हुकूम मार्कसनं त्याला कधी दिलाच नाही. म्हणायचा, शब्दाला वारा खातो, शिट्टीला वाऱ्याची सोबत होते. ही ऐट आता अंगाशी आली. फेस्टीनं दुकानातून धनगर वापरतात ती चपटी, धातूची शिट्टी आणली. मार्कसच्या ओठांत ती ठरेना. मग फेस्टीनं स्वतःच तोंडात धरून गाल फुगवले. चर्चमध्ये प्रवचन चाललं असताना फेस्टी जसा पाद्रीबाबांकडे बघतो, तसा मॉस फेस्टीकडे बघत बसला.

आमचा कळप वर कड्याखाली चरतो. निळ्या रंगाचा पट्टा डाव्या पुठ्ठ्यावर असला की ते मेंढरू आमचं. तिथं दगड असे निसटते आहेत की चाकाची गाडी जात नाही आणि शहाणा माणूस जात नाही. कुत्राच लागतो. शरद ऋतू आला की सगळ्या गावाची मेंढरं एकाच दिवशी खाली आणायची असतात, कोकरं बाजाराला न्यायची असतात. मेंढरं खाली आली नाहीत, तर ठेवायची कशाला आणि कुणाच्या जिवावर?

ऑगस्टमध्ये एडीन आली. तिच्याजवळ मार्कसच्या सगळ्या शिट्ट्या रेकॉर्ड करून साठवलेल्या होत्या, त्याच स्वयंपाकघरात त्यानं सोडलेल्या. फेस्टीला युक्ती सुचली. म्हणाला, मोठा स्पीकर वर न्यायचा आणि एकेक शिट्टी लावायची, कुत्र्याला काय कळतंय? एडीनला ते पटलं नव्हतं, पण माझ्याकडे बघून ती मॉसला घेऊन त्याच्याबरोबर वर गेली. मी मार्कसला खिडकीशी बसवलं आणि त्याच्याजवळ थांबले.

पहिली शिट्टी वरून आली. तोच होता तो, गेल्या वर्षीचा, सगळा शाबूत. मार्कसनं खुर्चीचा हात घट्ट धरला. मॉस वर होता, फेस्टीच्या जवळ. त्यानं स्पीकरकडे पाहिलं, भोवती एक फेरी मारली, आणि मग जो सुटला तो मेंढरांकडे नाही, सरळ खाली. कुंपणं ओलांडून, ओढ्यातून, अंगणात. येऊन खिडकीच्या काचेवर पंजे घासायला लागला. वर शिट्टी चालूच होती, आणि ज्याची होती तो इथं आत बसून रडत होता. मी धावत बाहेर जाऊन हात हलवले, बंद करा, बंद करा ते. एडीन खाली आली तेव्हा तिचंही तोंड उतरलं होतं. तिच्यावर मी रागावले नाही. फेस्टीवर रागावले, कारण त्याला सवय आहे.

त्यानंतर फेस्टीच म्हणाला, आणि चांगल्या मनानं म्हणाला, "अगं डिलिया, लीनानचा कोलमन आहे ना, मेंढरं वळवणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतीतला, त्याला बोलावू का? कुत्रा तरणा आहे. पायांवर पडून फुकट जाईल. त्याच्या हाताखाली मॉस चालला तर तो विकत घेऊन जाईल. आणि कळप काय, बाजारात जाईल."

मी मार्कसकडे पाहिलं. "ऐकलंस ना? काय करायचं?"

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मॉस त्याच्या पायांवर तसाच पडलेला. कुत्रा गेल्यावर हा माणूस किती दिवस काढेल, असा विचार मनात आला. मेंढरं खाली आणायच्या दिवशी कोलमननं यावं असं ठरलं.

आता यातून वाट एकच होती आणि ती माझ्या तोंडात होती. हे मला स्पीकरच्या दिवशीच कळलं होतं, पण आईनं विचारलेला प्रश्न आडवा येत होता. शेवटी मी स्वयंपाकघरातल्या देवमातेच्या तसबिरीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "बाई, तूही घर सांभाळलंयस. थोडे दिवस कानांत बोटं घाल." ती काही बोलली नाही. मी तो होकार धरला.

घरासमोरच्या तळ्याच्या काठी गेले. बोटं जिभेवर टेकवली आणि फुंकलं. नुसती थुंकी. परत फुंकलं, तर वरची कवळी सटकून पुढे आली. लहानपणी मार्कसला हसले होते त्याची ही फेड झाली. इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. कवळी काढून ऍप्रनच्या खिशात टाकली, बोटं पुन्हा बसवली, आणि आली. आधी फाटकी, मग पुरी. तळ्याच्या पाण्यावरून ती पलीकडे गेली आणि डोंगराला लागून परत आली. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की लाजच वाटली. एवढी वर्षं ती आत बसून होती आणि तिला काहीही झालं नव्हतं.

मग मी घरी बोलावण्याची सोडली. पाखराची.

मॉस घरात होता, मार्कसच्या पायांशी. दाराचा खालचा अर्धा भाग लावलेला होता, तो त्यानं उडी मारून ओलांडला आणि माझ्यापाशी आला. समोर बसला, शेपटी दगडांवर आपटत, डोळे माझ्या तोंडावर. "शहाणा," मी म्हटलं, "शहाणा माझा." आणि मान वर केली तर खिडकीत मार्कसचं तोंड होतं.

त्या संध्याकाळी त्यानं ताट सरकवून दिलं. बेकन, कोबी, बटाटे, सगळं त्याच्या आवडीचं. मॉस त्याच्याकडे गेला तर त्यानं पाय काढून घेतले. मला वाईट वाटलं आणि राग आला, दोन्ही एकदम.

"तुझा कुत्रा पळवायला मी काय लीनानची आहे?" मी म्हटलं. "तो इथंच राहावा म्हणून करतेय ना मी? तुझ्याचसाठी ना?"

भिंतीकडे तोंड.

"ठीक आहे. नाही सोडत शिट्टी. जाऊ दे कोलमनबरोबर."

रागात बोलले, पण अंथरुणात पडल्यावर त्याचं म्हणणं मला कळलं. परक्यानं नेला तर नेला, डोळ्यांआड होईल. पण घरातल्या घरात कुत्रा बहिणीचा झाला, तर ते रोज बघावं लागणार. हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं, आणि सगळं गेल्यावर उरलेली एक शिट्टी, तीही दुसऱ्याच्या तोंडातून ऐकायची. त्याच्या त्या जुन्या थट्टेची आठवण झाली. त्याची असली की फ गळतो, तिची असली की अख्खी राहते. तेव्हा मी सूप पुढे केलं होतं. आता हसू येईना. एडीननं आठवड्यानं फोन केला तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "डिलिया, तुम्ही त्यांना विचारलंत का?"

"विचारलं की. भिंतीला विचारल्यासारखं."

"नाही, सोडायच्या आधी विचारलंत का?"

मी म्हटलं दूध उतू चाललंय, आणि फोन ठेवला.

मेंढरं आणायच्या दिवशी सकाळी पाऊस होता आणि मग उघडलं. मार्कसला मी गाडीत बसवून खिंडीच्या रस्त्यावर, मेंढरं कोंडायच्या दगडी वाड्याजवळ नेलं, त्यानं निदान बघावं म्हणून. डाव्या बाजूच्या खिडकीची काच खाली केली. सगळा गाव काठ्या घेऊन वर चढत होता. कोलमन आला, बारीक, शांत माणूस. त्यानं टोपी काढून मार्कसला नमस्कार केला, आणि मार्कसच्या डोळ्यांसमोरून मॉसला नेणं त्याला जड गेलं हे दिसलं. मार्कसनं डावा हात खिडकीबाहेर काढून कुत्र्याच्या डोक्यावर ठेवला, आणि उचलला. इतकंच.

गावाची मेंढरं दुपारपर्यंत उतरली. आमची कड्याखाली होती. कोलमननं मॉसला वर सोडलं आणि शिट्टी घातली. सुरेख शिट्टी होती, खोटं का बोला, माझ्यापेक्षा सुरेख. मॉस थोडं वर गेला आणि बसला. कोलमननं परत घातली. मॉसनं मागं वळून रस्त्याकडे पाहिलं, आमच्या गाडीकडे. तेवढ्यात वर कुणाच्या तरी पायाखालून दगड सुटला. निळ्या पट्ट्याची मेंढरं बिथरली आणि फुटली. अर्धी दलदलीकडे निघाली आणि अर्धी कड्याच्या अरुंद पट्टीवर चढायला लागली. एक चढलं की सगळी चढतात, आणि टोकाला गेलं की तिथून खाली यायची वाट एकच आहे, सरळ कोसळायची.

"बसव त्याला परत पाठव!" वरून फेस्टी काहीतरी असंच अर्धवट ओरडत होता. कोलमन शिट्टी घालत होता. मॉस बसून होता.

मी गाडीच्या खिडकीशी उभी होते, तोंड घट्ट मिटून. शब्द दिला होता ना. दोन्ही हात ऍप्रनमध्ये गुंडाळले होते. तेवढ्यात माझी बाही ओढली गेली. मार्कसनं पकडली होती. मी वाकले. त्याचं तोंड वाकडं होतं, लाळ गळत होती, आणि डोळे मात्र डोंगरावर होते. त्यानं दोन बोटं वर केली आणि माझ्या ओठांना लावली.

"नक्की?" मी म्हटलं. ह्या वेळी खरंच विचारलं. "मार्कस, मी सोडू? तू म्हणशील तरच."

त्यानं गाडीचं दार थाडकन बडवलं. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ होता, किती बडबड करतेस.

मी कवळी काढली. खिशात टाकायला वेळ नव्हता, त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मार्चपासून पहिल्यांदा हसला, अर्ध्या तोंडानं. मग त्यानं डावा हात खिडकीबाहेर उभा धरला. मी बोटं जिभेवर टेकवली आणि त्याच्या हाताकडे पाहत राहिले, कारण शिट्टी मला येत होती पण डोंगर त्याला येत होता. हात डावीकडे झुकला. मी डावीकडची सोडली.

मॉस उठला. कोलमनची शिट्टी अर्ध्यात थांबली. वाड्याजवळच्या सगळ्या माणसांच्या माना वळल्या, आणि त्यांना दिसलं काय, तर बोळक्या तोंडाची डिलिया, बोटं तोंडात घालून. आमच्या आळीतल्या एका म्हातारीनं क्रूस केला. करू दे. मार्कसचा हात सपाट झाला, मी थांबची सोडली, मॉस पट्टीच्या वर जाऊन पोटावर पडला. मेंढरं थबकली. हात हळूहळू उजवीकडे गेला, इतका हळू की मला घाई झाली होती, पण मी त्याच्या आधी फुंकलं नाही. मॉस वळसा घेऊन वरून आला. पट्टीवरची एकेक करून मागे फिरली, दलदलीतली त्यांना मिळाली, आणि सगळा निळा कळप उतारावरून खाली वाहायला लागला. मधेच एकदा माझा श्वास संपला. हात थांबला, माझ्यासाठी, आणि मी श्वास घेतल्यावर पुढे चालला.

फेस्टी पळत खाली आला, एका हातानं त्यानं क्रूस केला आणि दुसऱ्या हातानं वाड्याचं फाटक उघडलं. मेंढरं आत शिरली. फाटक लागलं.

कोलमन आमच्याकडे चालत आला. "हा कुत्रा विकायचाय म्हणून मला लीनानहून बोलावलंत?" तो म्हणाला. "चेष्टा करता होय माझी?"

मी बोलायला गेले तर दातांशिवाय काहीतरी भलतंच निघालं. तो हसला आणि मागे होऊन उभा राहिला.

आता एकच शिट्टी उरली होती. मॉस फाटकाशी पोट टेकून पडला होता, कान आमच्याकडे. ती आल्याशिवाय तो काम संपलं असं मानत नाही. मार्कसचा हात दारावर पडून होता, दमलेला. मी बोटं तोंडाशी नेली. ती शिट्टी माझीच होती, सगळ्यांत आधी माझी. पण एवढी वर्षं रोज संध्याकाळी ती कुणी सोडली होती? मी बोटं ऍप्रनला पुसली.

"काय झालं?" फेस्टी म्हणाला. "बोलाव की त्याला."

मी मान हलवली. मार्कसनं माझ्याकडे पाहिलं. मग तो खिडकीतून पुढे झुकला, डाव्या हातानं उजवा ओठ दाबून धरला आणि फुंकलं. सूर आला नाही. नुसता फ आला, लांब, शेवटी जरासा खाली उतरणारा. इतक्या जवळ असून मलाही तो धड ऐकू आला नाही.

मॉस उठला. माझ्या अगदी पायाजवळून गेला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. गाडीच्या दारावर त्यानं पुढचे पाय टेकले आणि मार्कसच्या हाताखाली डोकं घातलं.

माझे दात मार्कसच्या मांडीवर होते. ते मागायची मी काही घाई केली नाही.